कोंबड्या रात्रीच काऊन जातेत? जनावर मागून शोधा, पहिले भोक शोधा

खुराड्याले कडी लावली, कडीले तार गुंडाळला, वरून दगड ठिवला, तरी सकाळी एक कोंबडी कमी. मंग आठ-दहा दिवस काही नाई, आपल्याले वाटते टळलं एकदाचं, अन पुन्हा एक जाते. घाटंजी, पांढरकवडा, आर्णी, कुठंही जा, सांदवाडीत, म्हणजे घरामांगच्या मोकळ्या जागेत, कोंबड्या ठिवणाऱ्या बाईले विचारा, हेच सांगते. बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याइतकीच या विषयाची चर्चा होते. अन चर्चा सगळी एकाच गोष्टीवर अडते, की कोंबडी उचलून नेते कोण. एक म्हणते उदमांजर, दुसरी म्हणते मुंगूस, तिसरी हळूच शेजारणीच्या घराकडं पाहते. मंग ज्याले जे जनावर वाटलं त्याचा इलाज होते, कोणी फिनाईल शिंपडते, कोणी बल्ब लावते, अन ज्या फटीतून काल आलं होतं त्याच फटीतून ते परवा पुन्हा येते.

म्हणून मी उलटं सांगते. कोणतं जनावर ते मागून पाहा, पहिले आत यायची वाट सापडली पायजे. मांजर असो, घूस असो का नाग असो, वाट बुजली की सगळ्याईचीच सोय बंद होते, मंग नाव माहीत नसलं तरी चालते. अन ज्या जनावराले एकदा तुमच्या खुराड्यात जेवण भेटलं ते वाट विसरत नाई, फिरून येतेच. मधले आठ दिवस शांत जातेत कारण तेवढे दिवस ते दुसऱ्याच्या घरी असते.

पण त्याच्याही आधी एक विचारते. कोंबडी रात्रीच गेली हे तुम्ही कायवरून म्हणता? सकाळी कमी दिसली म्हणून? संध्याकाळी मोजल्या होत्या का? निम्म्या घरी कोणी मोजतच नाई, दिवेलागणीले आपण चुलीपाशी असतो, पोट्टे दार लोटून देतेत, अन भर दुपारी मुंगसानं तुरीत ओढून नेलेली कोंबडी रात्रीच्या खात्यात जमा होते. मुंगूस दिवसाचं जनावर हाय, घोरपड दिवसाची, धामण दिवसाची, शिक्रा त दिवसाचाच. रात्री येतेत ते उदमांजर, जवादी मांजर, कोल्हा, घूस, उंदीर, नाग, अजगर, घुबड, अन जंगलाले लागून गाव असन त बिबट. रानमांजर दिवस मावळता अन फटफटता, दोन्ही वेळेले फिरते, अन गावातली मोकाट कुत्री कोणतीच वेळ सोडत नाईत.

तर आठवडाभर दोन टाईम मोजा, कोंडतानी एकदा अन सोडतानी एकदा. पिल्लं वेगळी, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) वेगळ्या. कोंडतानीच कमी भरत असतीन त खुराड्यावर एक रुपया लावू नका, दुखणं दिवसाचं हाय, त्याच्यासाठी तुरीच्या अन पराटीच्या (कपाशीच्या) कडेले चरायले जाणं थांबवावं लागते. पहाटे पाचले अंधारातच दार उघडून देणाऱ्याईच्या कोंबड्याही बऱ्याच त्या अर्ध्या तासात जातेत. चांगलं उजाडू द्या, मंग सोडा.

कोंडतानी पूर्ण होत्या अन सोडतानी कमी, असं पक्कं झालं की त्याच रात्रीपासून कोंबड्या तिथं ठिवू नका. घरातल्या खोलीत, न्हाणीत, कोठ्यातल्या कोपऱ्यात डाल्याखाली ठिवा अन डाल्यावर पाटा नाहीतर पाण्यानं भरलेला गुंड ठिवा, नुसतं डालं कुत्रं नाकानं उलटवते. वास येईन, नवरा नाहीतर सासू कटकट करीन, दोन-चार रात्रीचा प्रश्न हाय.

आता भोक. दिवसा खुराड्याभोवती कितीही फिरलं तरी ते दिसत नाई, कारण उन्हात सगळ्या फटी काळ्याच दिसतेत. रात्री पाहा. खुराडं रिकामं करा, मोबाईलचा टॉर्च चालू करून आत मधोमध ठिवा, दार रोजच्यासारखं लावा, आंगणातला लाईट बंद करा अन बाहेर उभ्या राहा. जिथून उजेड बाहेर पडते तिथून वाट हाय. पहिल्यांदा पाहणारी बाई हटकून म्हणते, अवो माय, ही त चाळणी हाय. दाराच्या खालून बोटभर उजेडाची पट्टी, टिनाच्या पत्र्याच्या नाळ्या (लाटा) भिंतीवर टेकतेत तिथं ओळीनं अर्धे गोल, वांदराईनं सरकवलेल्या कवेलूचा कोपरा, कुडाच्या भिंतीत शेणाचा लेप पडून तुराट्या उघड्या झालेली जागा, अन जमिनीले लागून कुठंतरी एक मंद उजेड, तिथं बाहेरून मातीचा ढीग दिसन, तो घुशीचा. खडूनं तिथंच खुणा करून घ्या, सकाळी आठवत नाई. आता माप असं धरा. अंगठा जाते एवढ्या भोकातून उंदीर येते अन पिल्लं खाणारा सापही येते. मूठ जाते तिथून उदमांजर अन मुंगूस. मांजराचं डोकं जिथून गेलं तिथून पूर्ण मांजर गेलं समजा, ते खांदे दाबून घेते.

माझ्या पाहण्यात घात करणाऱ्या जागा दोनच, दाराखालची फट अन पत्र्याच्या नाळ्या. लोकं कडी-कुलूप भारी घेतेत अन दार मात्र खालून घासते म्हणून सुताराकडून दोन बोटं कापून आणतेत. दाराखाली उंबरा पायजेच, विटेचा असो का लाकडाचा, अन दार बंद झाल्यावर ते उंबऱ्याले टेकलं पायजे. कडी बाहेरून वर-खाली दोन, आडव्या सरकणाऱ्या, अन भोकात खिळा. नुसती अडकवायची कडी कुत्र्यानं दार दोनदा ढकललं की उसळून निघते. नाळ्याईत सिमेंटचा गोळा कोंबून बुजवा, नाई त जाळीची पट्टी दुमडून खिळ्यानं ठोका, चिंध्या कोंबू नका, उंदीर त्याचंच घरटं करते. कवेलूचं छप्पर असन त कवेलूच्या खालून जाळी ताणून घ्या, कारण कवेलू तुम्ही कितीही नीट बसवा, वांदरं हनुमान जयंतीची वाट पाहत नाईत.

जाळीचं जरा सविस्तर सांगते, पैसा इथंच वाया जाते. हार्डवेअरच्या दुकानात कोंबडीची जाळी मागितली की षटकोनी भोकाची पातळ जाळी हातात पडते. ती जाळी कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून हाय, जनावर आत येऊ नये म्हणून नाई. कुत्रं तिले दातानं फाडते, दोन-तीन पावसाळ्यात ती गंजून हातानं तुटते, अन सगळ्यात वाईट म्हणजे तिच्या भोकातून पंजा आत जाते. कोंबडीले अंधारात दिसत नाई म्हटलं तरी चालते, एकदा बसली की ती हलत नाई, अन नेमकी जाळीले टेकून बसते. बाहेरून मांजर पंजा घालते, मान नाहीतर पाय धरते अन ओढते. जेवढं बाहेर आलं तेवढं खाते अन जाते. सकाळी आपल्याले काय दिसते, दार बंद, कडी जशीच्या तशी, जाळी जशीच्या तशी, अन आत बिनमुंडक्याची कोंबडी. मंग लोकं भानामतीपर्यंत पोचतेत, लिंबू-मिरची बांधतेत. अवो, पडलेली कोंबडी जाळीपाशीच हाय का पाहा, थोडी पिसं जाळीच्या बाहेरच्या अंगाले चिकटली असतीन त जनावर आत आलंच नव्हतं.

घ्यायची ती अर्धा इंची चौकोनी वेल्डेड जाळी. महाग पडते हे खरं हाय. सगळ्या खुराड्याले नाई परवडली त खालचे अडीच-तीन फूट अन दाराले तेवढी वेल्डेड लावा, वर जुनी षटकोनी राहिली तरी चालन पण तिले आडवी-उभी करून दुहेरी करा. खिळे वाकवून ठोकू नका, लाकडी पट्टीखाली जाळी दाबून स्क्रू मारा, कुत्रं कोपऱ्यात नाक घालून उचलते तेव्हा वाकवलेला खिळा पहिले निघते. अन कोंबड्या बसायचा बांबू जाळीपासून हातभर आत घ्या, जमिनीपासून अडीच-तीन फूट वर. एवढ्या एका कामानं पंजावाली चोरी बंद होते, त्याले खर्च शून्य.

खणून येणाऱ्या जनावराईचं वेगळं. सगळे सांगतेत फूट-दीड फूट खोल जाळी गाडा. मुरमाड जमिनीत ठीक हाय. पण आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईन एवढी भेगाळते अन पावसाळ्यात फुगते, गाडलेली जाळी वर्षाभरात वाकडी होऊन बसते. त्यापेक्षा भिंतीच्या पायापासून बाहेरच्या अंगानं दीड-दोन फूट जाळी सपाट अंथरा, भिंतीकडची कड पट्टीखाली पक्की ठोका, वरून दगड अन मुरूम टाका. कुत्रं, कोल्हा, घूस, कोणीही असो, ते भिंतीले लागून खणायले सुरुवात करते, पंजाखाली जाळी लागते अन सोडून देते. दोन फूट मांगं सरकून तिथून भुयार पाडावं एवढं त्याच्या ध्यानात येत नाई. आतल्या जमिनीले फरशी नाहीतर पातळ काँक्रीट झालं त उत्तमच, नाई झालं त तीच जाळी आत अंथरून वर चार बोटं माती चोपा अन त्यावर धानाचा कोंडा टाका.

आता कोणी म्हणन, एवढं सगळं बंद केल्यावर मे महिन्यात कोंबड्या वाचतीन का. बरोबर प्रश्न हाय, अन मले वाटते आपल्या भागात रात्रीच्या चोऱ्या उन्हाळ्यात वाढतेत त्याचं मूळ इथंच हाय. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला पारा ४५ च्या वर जाते, रात्री अकरालेही पत्रा तापलेला असते, कोंबड्या चोच उघडी टाकून पंख फैलावून धापा टाकतेत, ते पाहून जीव राहत नाई अन माणूस दार उघडं ठिवून झोपते. म्हणून एकाच चौकटीले दोन दारं करा, आतलं वेल्डेड जाळीचं, बाहेरचं फळीचं. उन्हाळ्यात फळीचं उघडं, जाळीचं बंद. पत्र्याच्या खाली दोन बाजूले समोरासमोर वीतभर उंचीची जाळीची खिडकी ठिवा म्हणजे गरम हवा वरून निघते, पत्र्यावर तुराट्या नाहीतर धानाचं तनीस टाका. पावसाळ्यात त्या खिडकीवर ताडपत्री सोडा, पण ताडपत्रीले भिंत समजू नका, मांजराले ती फक्त पडदा हाय.

एवढं करूनही जात असन त मंग जनावर ओळखायच्या मांगं लागा. सगळ्यात सोपं म्हणजे चुलीतली राख. चाळून घ्या, झोपायच्या आधी खुराड्याभोवती हातभर रुंद पट्टा पातळ पसरवा, अन सकाळी कोणी झाडायच्या आधी पाहा. मांजराचा ठसा गोल, चार बोटं, नखं उमटत नाईत. कुत्र्याचा अन कोल्ह्याचा लांबट, चार बोटं अन नखाचे टिपके समोर. उदमांजराले अन मुंगसाले पाच बोटं. उंदराचे बारीक ठसे अन मधून शेपटीची रेघ. साप गेला असन त ठसाच नाई, नुसता घसरल्याचा पट्टा. तळहातभर गोल पंजा दिसला त राख-बिख सोडा, त्याचं खाली सांगते.

मेलेली कोंबडीही बोलते. पाच-सहा मेल्या, इकडे तिकडे पडल्या, फाडल्या पण खाल्ल्या नाई, त नव्वद टक्के कुत्रं. एकच गायब, पिसाईचा माग कुंपणाकडं, त रानमांजर नाहीतर कोल्हा. मान-छाती तिथंच बसून खाल्ली, अन भिंतीवर नाहीतर छपरावर शिंदीच्या, जांभळाच्या बियाईनं भरलेली विष्ठा दिसली, त उदमांजर, ते वरून येते, म्हणून खुराड्यावर आलेली पेरूची, लिंबाची फांदी पहिले छाटा. पिल्लं कमी होतेत अन उबवणीवर बसलेल्या कोंबडीचे पाय, पोट खालून कुरतडलेलं, त घूस-उंदीर. अंडी गायब पण टरफलाचा तुकडाही नाई, त साप. एखादं पिल्लू मेलेलं, जखम कुठंच नाई, पण डोकं-मान ओलसर, पिसं चिकटून खाली बसलेली, म्हणजे सापानं गिळायले घेतलं अन जमलं नाई म्हणून सोडलं.

अन बंद खुराड्यात शिरलेलं जनावर कधीकधी दहा मारते अन एक नेते, त्याले लोकं खुन्नस म्हणतेत, तसं काही नाई. समोर पंख फडफडत राहिले की ते मारत राहते, जंगलात बाकीच्या उडून गेल्या असत्या, इथं पळायले जागा नसते.

इथंच एक खुलासा. कधीकधी जनावरानं मारलीच नसते, मेलेली खाल्ली असते. हातात पन्नी घालून पिसं बाजूले करा अन चावल्याची जागा पाहा. कातडीखाली रक्त साकळून काळं-निळं झालं असन त जिवंत असतानी धरली. नुसतं फाटलेलं, आतून पांढरट, त मेल्यावर कुरतडली. अशा दोन-तीन निघाल्या, बाकीच्या कोंबड्या पेंगतेत, मान वाकडी करतेत, हिरवट-पांढरं पातळ हगतेत, त ती मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकते, तिथं जाळी काय करन. १९६२ या जनावराईच्या डॉक्टरच्या नंबरवर फोन करा नाहीतर पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, मेलेल्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. उकिरड्यावर फेकली की कुत्रं अन कोल्हा दोघाईलेही तुमच्या घराचा पत्ता भेटते.

पत्ता देणाऱ्या आणखी दोन गोष्टी हायेत अन त्या आपणच आंगणात ठिवतो. एक म्हणजे तुराट्या-पराट्याईचा ढीग. तूर निघाली, पराटी उपटली की वर्षभराचं सरपण घरामांगं रचून ठिवायचं, अन खुराडं नेमकं त्याले लागून, आडोसा भेटते म्हणून. त्या ढिगात उंदीर, उंदराच्या मांगं साप, अन मुंगूस, सगळे भाडं न देता राहतेत. अन तूर निघाली की वावर उघडं पडते, तवा वावरातलं रानमांजर आडोसा शोधत गावाकडं सरकते, ते पहिले याच ढिगात. ढीग खुराड्यापासून निदान पंधरा-वीस फूट दूर न्या अन खाली दगडं ठिवून वीतभर उचलून रचा. दुसरी गोष्ट म्हणजे दाणे. संध्याकाळी चुरी, ज्वारी, कनकी टाकली अन उरलेली तशीच राहू दिली की रात्री उंदीर येणारच. कोंबडी रात्री खात नाई. कोंडायच्या आधी भांडं उचला, खालचं झाडून घ्या, दाण्याचं पोतं लोखंडी डब्यात. मले विचाराल त नागाचा इलाज इथून सुरू होते, कारण नाग बऱ्याच वेळा उंदरासाठी येते अन अंडी-पिल्लं त्याले वरून भेटतेत.

सापाचं निघालं म्हणून सांगते, कोंबडी राहू द्या, पहिले आपला हात. अंधारात अंडी काढायले कोंबडीच्या पोटाखाली हात घालायची सवय घरोघरी हाय. कोंबडी नेहमीपेक्षा वेगळी ओरडत असन, बसायच्या जागेवरून उठून कोपऱ्यात उभी असन, त हात घालू नका. टॉर्च, काठी, पायात चप्पल. नाग फणा काढून सांगते तरी, मण्यार सांगत नाई, तिचा दंश दुखतही नाई, माणूस झोपून राहते. चावलाच त मांत्रिक नाई, दोरी आवळणं नाई, ब्लेड मारणं नाई, त्या माणसाले चालू न देता गाडीवर बसवून सरळ ग्रामीण रुग्णालय, लस तिथंच भेटते. अन खुराड्याभोवती मासोळी धरायचं नायलॉनचं जाळं गुंडाळू नका, साप त्यात अडकून पडते अन सकाळी सोडवायले आपल्यालेच हात घालावा लागते.

काय काय चालत नाई हेही सांगून टाकते. फिनाईल, लसूण, माणसाचे केस, जुन्या सीड्या, चमकी पट्ट्या, रात्रभर रेडिओ. पहिल्या दोन-तीन रात्री जनावर बिचकते, मंग त्याले कळते की हे काही करत नाई. सोलरचा सेन्सर लाईट त्यातल्या त्यात बरा, एकदम पेटते म्हणून, पण त्याचीही जागा चार-पाच दिवसांनी बदलावी लागते. रात्रभर पेटता बल्ब खुराड्यात ठिवू नका, कोंबड्या झोपत नाईत अन एकमेकीले टोचतेत. थिमेट, म्हणजे फोरेट नावाचं कीटकनाशक, टाकला की साप येत नाई असं गावात सगळे म्हणतेत. साप येते, थिमेटानं मरते ती कोंबडी, कुत्रं अन एखाद्या वेळी घरातलं पोरगं. फोरेटवर २०२० च्या शेवटापासून बंदीच हाय, तरी घराच्या कोपऱ्यात जुनी पुडी निघते, ती खुराड्याच्या आसपासही नेऊ नका. मेलेल्या कोंबडीत विष भरून ठिवणं हाही तोच प्रकार.

अन तारेत सरळ घरची लाईन सोडायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली असन त ती काढून टाका. आपल्या विदर्भात त्या तारेनं वाघ मेले, बिबटे मेले, अन रात्री पाणी द्यायले निघालेली माणसंही मेली. सोलर झटका मशीन वेगळी, ती क्षणभराचा झटका देऊन सोडते, पण चार-दहा कोंबड्यांसाठी तिचा हिशोब बसत नाई, जाळीच स्वस्त पडते. जनावर पकडून मारायचंही तसंच. रानमांजर, उदमांजर, कोल्हा, मुंगूस, नाग, धामण, सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतेत, मारलं त कोंबडीपेक्षा केस महाग पडन. अन एक मांजर मारलं तरी भोक तसंच असते, त्या जागी महिन्याभरात दुसरं येते.

कुत्रं पाळा म्हणतेत. पिल्लाईसोबत लहानपणापासून वाढलेलं कुत्रं असन त त्याच्यासारखी राखण नाई, पण मोठं झाल्यावर आणलेलं कुत्रं पहिले तुमच्याच कोंबड्या मारते. अन बिबट्याच्या भागात, ताडोब्याच्या, टिपेश्वरच्या, पेंचच्या आजूबाजूच्या गावात, बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याले बोलावणं. राखेत नाहीतर ओल्या मातीत तळहातभर गोल ठसा दिसला, खुराड्याची फळीच फुटलेली असली, कुत्रं गायब झालं, त रात्री टॉर्च घेऊन पाहायले निघू नका, आंगणात झोपू नका, पोराईले अंधारात बाहेर पाठवू नका. १९२६ वर वनविभागाले कळवा. ठशावर घमेलं उपडं घाला म्हणजे वनरक्षक येईपर्यंत पुसणार नाई. अशा घरी कोंबड्या अन बकऱ्या दोन्ही दगड-विटेच्या पक्क्या खोलीतच पायजेत, कितीही चांगली जाळी असो, बिबट्यापुढं ती टिकत नाई.

राहिल्या त्या ज्या खुराड्यात येतच नाईत. गावरान कोंबड्या, त्यातही तलंगा, सुबाभळीवर नाहीतर लिंबावर झोपतेत, अन एक दिवस झाडाखाली पिसं दिसतेत, घुबडानं नाहीतर उदमांजरानं. त्याईले हाकलून आत घालायचा तमाशा संध्याकाळी करू नका, सगळं आंगण फिरवतेत. पूर्ण अंधार पडू द्या, शिडी लावा, हळूच दोन्ही पंख धरून उचला, अंधारात त्या फडफडत नाईत, अन आतल्या बांबूवर नेऊन बसवा. मंग तीन-चार दिवस बाहेर सोडूच नका, दाणा-पाणी आतच. त्यानंतर बऱ्याच जणी आपसूक येतेत, एखादी हट्टी निघते तिले पुन्हा तसंच. खुडूक होऊन ढिगात लपून बसलेलीचंही रात्रीच करा. २१ दिवस ती तिथंच बसणार, हलणार नाई, कोणाच्या तरी तोंडी लागणार. टॉर्च मारून पहिले आजूबाजूले साप नाई ना पाहा, मंग टोपल्यात तनीस घालून अंडी न्या, मागून ती, अन खुराड्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिले अंड्यावर बसवून वरून डालं झाका. दिवसा हलवली त बसणं सोडते, रात्री हलवली त सकाळी बहुतेक तिथंच बसलेली असते. दिवसातून एकदा डालं उचलून दाणा-पाणी द्या अन हगायले दहा-पंधरा मिनिटं बाहेर सोडा.